लिव्हिंग विल करावं की मुलांवर सोडावं?

साठी उलटलेल्या आमच्या मित्रमंडळींत हा विषय हल्ली हमखास निघतो. लिव्हिंग विल म्हणजे, बरं होण्याची आशा नसेल आणि स्वतः बोलता येत नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. मी तो करून ठेवलाय. तरी दुसरी बाजू मोडीत काढणार नाही. आमच्या आईनं तीच धरली होती.

घरच्यांवर सोपवण्यात मोकळीक आहे. आज नको वाटणारं उद्या हवंसं वाटू शकतं. कायद्यानंही ती वाट बंद नाही: कुटुंबाची लेखी संमती आणि डॉक्टरांच्या दोन मंडळांचा होकार असेल, तर विल नसतानाही व्हेंटिलेटर काढता येतो.

मला छळलं ते वेगळंच. आई अकरा दिवस आयसीयूत होती. रोज सकाळी ड्यूटीवर नवा डॉक्टर, काउंटरवर दोऱ्याला बांधलेलं तेच पेन आणि तोच प्रश्न, "कंटिन्यू करायचं ना?" "मला नळ्या लावू नका रे," असं आई मला चहा पिताना म्हणाली होती. ताईला म्हणाली होती, "नातीचं लग्न बघायचंय." दोन्ही खरं. दादा नाशिकहून फोनवर म्हणायचा, "तुम्ही ठरवाल ते." 'रुग्णाशी नातं' याच्यापुढे 'मुलगा' लिहून मी रोज सही करायचो, आणि रोज आईला दिलेला शब्द मोडल्यासारखं वाटायचं. ताई आणि मी त्यावर वर्षभर बोललो नाही.

सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये लिव्हिंग विलला मान्यता दिली, पण मॅजिस्ट्रेटची सही लागायची. जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. माझं काम शिवाजीनगरला एका सकाळीत झालं.

"माझ्या मरणात सरकार कशाला?" असं एक मित्र विचारतो. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर असतो, आणि उपचार थांबवण्याआधी हॉस्पिटलला मॅजिस्ट्रेटला कळवावं लागतं. मला ते खटकत नाही. इच्छा माझीच आहे का, एवढं कुणी परक्यानं तपासलेलं बरं; म्हातारं माणूस ओझं झालेली घरंही याच शहरात आहेत. अर्थात ज्यांच्या घरात एकमत आहे, त्यांना कदाचित एवढं लागणार नाही.

मात्र कागद कपाटात ठेवून उपयोग नाही. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे हवी, आणि आपल्या वतीनं ठरवायला ज्यांची नावं घालाल त्यांच्याशी आधी बोलायला हवं. मी मुलीबरोबर ताईचं नाव घातलं. नोटरीकडे जाण्याआधी कच्चा मसुदा ताईला दाखवला. तिनं तो दोनदा वाचला, 'नळ्या' या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि विचारलं, "जेवणाचीसुद्धा?"

ते मी लिहिलंच नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून लिहिलं.