पावसाळी ट्रेकसाठी चाकू की मल्टिटूल? कोल्हापूरच्या चिखलात पावसाळाभर वापरल्यावर

पन्हाळा-पावनखिंड, गगनबावडा आणि भुदरगडच्या बाजूला पावसाळाभर तीन वस्तू आलटून पालटून सॅकमध्ये होत्या : व्हिक्टोरिनॉक्सचा हंट्समन (कात्री, चिमटा, करवत असलेला घडीचा चाकू), मोराचा स्टेनलेस कम्पॅनियन (न मिटणाऱ्या पात्याचा, म्यानातला चाकू) आणि लेदरमनचं वेव्ह प्लस (पक्कड आणि इतर अवजारं एकत्र असलेलं मल्टिटूल). एकच घ्यायचं असेल तर हंट्समन घ्या. मुक्काम असेल आणि स्वयंपाक करायचा असेल तर जोडीला मोरा. वेव्ह प्लस चांगलंच आहे, पण त्याची जागा मोटरसायकलच्या टूलबॉक्समध्ये.

फरक पहिल्यांदा वजनात जाणवतो. वेव्ह प्लस 241 ग्रॅमचं, हंट्समन साधारण 97 ग्रॅमचा. पट्ट्याला लावलेलं पाव किलो ओल्या पँटला खाली ओढत राहतं, मग ते सॅकच्या तळाशी जातं आणि गरजेला हाताशी नसतं. पक्कडीची कामंही मोजकीच निघतात : गरम पातेलं उचलणं, किंवा सॅकची चेन दात सोडून पळायला लागली की तिचा स्लायडर दोन्ही बाजूंनी हलकेच दाबणं. हा दुसरा उपाय मात्र खरंच कामाचा आहे. जोर बेताचा लावा, स्लायडर चेपला की संपला.

हंट्समनमध्ये पात्यापेक्षा जास्त वापर कात्री आणि चिमट्याचा होतो. फोडावर लावायची चिकटपट्टी, दोरीची टोकं, औषधांची पाकिटं ही कामं कात्रीची. करवंदीचा काटा तळव्यात मोडला तर चिमटा. आरीला (भोक पाडायच्या टोच्याला) दोरा ओवायचं भोक आहे, त्यामुळे सॅकचा तुटलेला पट्टा जाड दोऱ्याने तिथल्या तिथे शिवता येतो. करवत अंगठ्याएवढं वाळलेलं लाकूड आरामात कापते. उभं झाड कापायला ती नाही, आणि कापूही नये.

हंट्समनची एक मर्यादा घेण्याआधीच ओळखून घ्या : पात्याला लॉक नाही. टोक खुपसून जोर दिला की पातं बोटांवर मिटतं. भोक पाडायचं तर आरीनेच पाडा, आणि जोर उघडण्याच्या दिशेने राहील असं धरा. लॉकवाल्या घडीच्या चाकूंनाही डोळे झाकून मानू नका. मसाई पठारावरच्या जांभ्याची बारीक लाल माती लॉकच्या खाचेत बसली की लॉक पूर्ण चढत नाही, अर्धवट टेकतं आणि दाबाखाली सुटतं. चिखलात पडलेला घडीचा चाकू पाण्यात हलवून धुतल्याशिवाय जोराच्या कामाला घेऊ नये.

मोराला हा प्रश्नच येत नाही, कारण सांधा नाही. पातं 10 सेंटिमीटरच्या जरासं वर, जाडी 2.5 मिलिमीटर, प्लॅस्टिकच्या म्यानाला खाली पाणी निघायला भोक. कांदा, बटाटा, सुकी काटकी सोलून चुलीसाठी भुसा काढणं, सगळ्यात हंट्समनच्या पुढे. पण गुळाची ढेप टोकाने उचकटू नका, नारळ फोडू नका. आडवा पीळ बसला की टोक मोडतं. गूळ दगडाने फोडावा.

गंजाचं बघू. स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असं नव्हे, उशिरा गंजतं. पातं क्वचित खराब होतं. आत साठलेल्या ओलीने स्प्रिंग आणि सांध्याला आधी तांबूस डाग पडतात. घरी आल्यावर त्याच दिवशी कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून सगळी पाती दहाबारा वेळा उघडमीट करा, जुन्या टूथब्रशने खाचा घासा, पुसा आणि उघड्या अवस्थेत रात्रभर पंख्याखाली ठेवा. मग प्रत्येक सांध्याला एक थेंब तेल. शेंगदाण्याचं तेल नको, ते महिनाभरात चिकट होऊन सांधा जाम करतं. खोबरेल थंडीत गोठतं. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन सर्वांत बरं, कारण याच पात्याने खाणंही कापायचं असतं.

चामड्याचं म्यान इथे हौसेने करून घेतलं जातं आणि दिसतंही देखणं. पण बाभळीच्या साली-हिरड्याने कमावलेलं चामडं ओल धरतं, आणि त्यातलं टॅनिन लोखंडाला काळे डाग पाडतं. म्यान चालताना वापरा, घरी चाकू बाहेर काढून ठेवा.

धार सायकलच्या चाकावरच्या दगडाला देऊ नका. ठिणग्या उडतात तिथे कड तापते, पात्याचं पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरतं आणि नंतर धार टिकत नाही. 1000 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांची बारीकी) पाण्याचा दगड पुरतो. हंट्समन दगडाला साधारण 20 अंशांत धरा. मोराची उताराची पूर्ण बाजू दगडावर सपाट टेकवायची, पाठ उचलायची नाही. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीभर बारीक बर (धारेवर वळून आलेली धातूची खरखरीत कड) बोटाला लागली की बाजू बदला. शेवटी जुन्या पट्ट्याच्या खरखरीत बाजूवर पाठ पुढे आणि धार मागे राहील असं ओढून बर काढा.

राधानगरी-दाजीपूरला जाताना मात्र चाकू घरीच ठेवा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 31 नुसार अभयारण्यात शस्त्र न्यायला मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याची लेखी पूर्वपरवानगी लागते, आणि त्या कायद्यातल्या व्याख्येत चाकूही येतो. विमानाने जाणार असाल तर चाकू हातातल्या पिशवीत चालत नाही, चेक-इन सामानात टाका.

दुकानात नकली माल बराच असतो, म्हणून घेताना हातात घेऊन बघा : पात्याच्या मुळाशी कोरलेला शिक्का स्पष्ट हवा, उघडलेलं पातं डावी-उजवीकडे हलता कामा नये, मिटल्यावर टोक बाहेर डोकावू नये, आणि कात्री सोडल्यावर स्प्रिंगने आपोआप उघडली पाहिजे. घेतल्यावर कडीत वीतभर लाल किंवा केशरी दोरी बांधा. पावसातल्या गवतात पडलेला हिरव्या किंवा काळ्या मुठीचा चाकू सापडत नाही.