मेरुरज्जूच्या स्लाइडचा संच: घ्या, पण एक स्लाइड जोडून

सांगलीत शास्त्रीय साहित्याच्या दुकानात मिळणारा मेरुरज्जूच्या, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या चेतादोराच्या, चार आडव्या छेदांचा हा संच मिरजेच्या मेडिकलच्या मुलांना खरंच कामाचा आहे. छातीच्या भागाची स्लाइड तर फारच सुरेख. सूक्ष्मदर्शकाच्या १० एक्स भिंगावर करड्या भागाच्या कडेला छोटं टोक दिसतं, ते पार्श्वशृंग. ४० एक्सवर नेलं की निस्सल रंगात (चेतापेशी उठून दिसाव्यात म्हणून देतात तो) जांभळ्या पेशींचा घोळका. अग्रशृंगातल्या, म्हणजे करड्या भागाच्या पुढच्या टोकातल्या, स्नायुचालक पेशींपुढे त्या लहानच. या अनुकंपी पेशी (हृदय, रक्तवाहिन्या अशा आपोआप चालणाऱ्या अवयवांना संदेश पाठवणाऱ्या) माणसात साधारण टी१ ते एल२, म्हणजे छातीच्या पहिल्या ते कमरेच्या दुसऱ्या खंडापर्यंत, एवढ्यातच असतात. म्हणून सी५च्या (मानेच्या पाचव्या खंडाच्या) चिठ्ठीवर पार्श्वशृंग छापलंय ती सरळ चूक आहे, खोडून टाका.

मोठी उणीव वेगळीच. एखाद्या छेदात घोळका सापडतच नाही आणि मुलं स्लाइडला दोष देतात. पण या पेशी सलग सारख्या पसरलेल्या नसतात, थोड्या थोड्या अंतरावर गुच्छांनी बसतात. काही तिथून मध्यनलिकेकडे (मेरुरज्जूच्या मधोमध असलेल्या बारीक नळीकडे) आडव्या पट्ट्यांत जातात. उंदराच्या मेरुरज्जूचा पाठीला समांतर उभा छेद घेतला तर चक्क शिडी दिसते! ती स्लाइड संचात नाही. मागवताना वेगळी सांगा, आणि छेद मध्यनलिकेच्या पातळीवरचाच हवा, हे बजावून सांगा.