फोर्टातली पायी सफर: हुतात्मा चौकासाठी तरी जाच

रविवारी सकाळी सातला सीएसएमटीसमोर जमायचं आणि चालत गेटवेपर्यंत जायचं. माणशी आठशे रुपये. सून आणि नातवाला घेऊन गेले होते. पैसे वसूल झाले, तेही मुख्यतः हुतात्मा चौकात.

एरवी लोक तिथे फ्लोरा फाऊंटनचे फोटो काढतात आणि पुढे सरकतात. १८६४ सालचं ते कारंजं आहेच देखणं. पण आमच्या गाईडने, पंचविशीतल्या मुलाने, सगळ्यांना कारंज्याकडे पाठ करून स्मारकासमोर उभं केलं. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार नीट बघू दिले. मग पिशवीतून वही काढून संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची नावं वाचायला लागला. सीताराम बनाजी पवार. जोसेफ डेव्हिड पेजारकर. चिमणलाल डी. शेठ. भास्कर नारायण कामतेकर. घाई नाही, नाटकी आवाज नाही. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून जीव गेलेल्यांत पेजारकर आहेत, शेठ आहेत, हे पोरांच्या कानावर पडायलाच हवं. नातू सातवीत आहे, त्याने वही मागून घेतली आणि उरलेली नावं स्वतः वाचली.

माझे वडील लालबागला गिरणीत साचेखात्यात होते. २१ नोव्हेंबर १९५५ च्या मोर्चात ते होते. मोर्चा विधानसभेवर निघाला होता, फाऊंटनपाशी पोलिसांनी गोळीबार केला, पंधरा माणसं गेली. पुढे दर १ मेला वडील आम्हाला तिथे न्यायचे आणि स्मारकापाशी चपला काढायचे. त्यामुळे या मुलाने नावं वाचली तेव्हा माझे डोळे भरून आले.

एक तक्रार मात्र आहे. तेव्हाची विधानसभा भरायची ती इमारत याच वाटेवर आहे, रीगलजवळ. आता तिथे राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. गाईडने नुसतं बोट दाखवलं. अहो, मोर्चा जिथे पोचणार होता ती ही जागा, दोन मिनिटं तरी थांबा! काळा घोडा, राजाबाई टॉवर यांवर त्याहून जास्त वेळ गेला. दुसरं, बुकिंग करताना सफर मराठीत असल्याचं सांगितलं होतं, पण सुरुवातीचा अर्धा तास इंग्रजीतच गेला. मी बोलले तेव्हा मात्र पोराने लगेच बदल केला. ‘काकू, राहिलेलं परत सांगतो,’ म्हणाला, आणि खरंच सांगितलं.

गेटवेला गर्दी, तपासणीची रांग, झटपट फोटोवाले, हे सगळं आलंच. तिथली माहिती चांगली होती. पंचम जॉर्ज १९११ ला उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच, पुठ्ठ्याची प्रतिकृती उभी केली होती. दगडी बांधकाम पुरं होऊन उद्घाटन झालं ते ४ डिसेंबर १९२४ ला. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिशांची शेवटची पलटण याच कमानीतून निघून गेली. समोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, आधी तिकडे जाऊन मग कमानीकडे या.

राजधानीतली स्मारकं म्हणून ही सफर विकतात, तर त्यात दादरची चैत्यभूमी नाही हे मला पटलं नाही. पायी शक्य नाही हे मान्य, पण नाव तरी घ्यावं. बाबासाहेबांवर ७ डिसेंबर १९५६ ला तिथे अंत्यसंस्कार झाले. आम्ही चर्चगेटहून लोकल पकडून दादरला उतरलो आणि शिवाजी पार्कवरून चालत गेलो. तुम्हीही तसंच करा, दुपारच्या उन्हाआधी पोचता येतं. सोबत पाण्याची बाटली ठेवा; ज्येष्ठांनी बुकिंग करतानाच मध्ये बसायला कुठे मिळेल ते विचारून घ्या, आमच्या वाटेवर बसायची सोय फारशी नव्हती.