नंबर पडायच्या आत गाडी बघा: नाशिकमध्ये पीडीआयच्या नावाखाली काय खपवलं जातं

दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय तृतीया. या दिवसांत नाशिकच्या शोरूममध्ये गाड्यांना हार घालायला माणसं पुरत नाहीत, आणि नेमकी याच दिवसांत पीडीआय, म्हणजे ताबा देण्याआधीची तपासणी, नुसती कागदावर उरकली जाते. चारचाकी नीट तपासायची तर एका मेकॅनिकचे दीड-दोन तास जातात, मोटारसायकलीला पाऊण तास लागतो. मुहूर्ताच्या आदल्या रात्री एवढा वेळ कुणाकडेच नसतो. मग एकाच पेनने, एका दमात, सगळ्या चौकटींत टिका पडतात. पीडीआयचा कागद मागून घ्या. त्यात बॅटरीचं व्होल्टेज, टायरमधली हवा असे आकडे लिहिलेले नसतील, फक्त टिकाच असतील, तर गाडीला कुणी हात लावलेला नाही असं खुशाल समजा.

खरी मेख मात्र क्रमात आहे. तात्पुरती किंवा कायमची नोंदणी झाल्याशिवाय डीलरने गाडी ताब्यात देऊ नये, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ४२ सांगतो. नियम चांगलाच आहे. पण काही शोरूमवाले त्याचा सोयीने वापर करतात: आधी पूर्ण पैसे, मग विमा, मग चेसिस नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तिचा ओळख क्रमांक) नोंदणीच्या सरकारी ‘वाहन’ पोर्टलवर, आणि एमएच १५ चा नंबर पडला की गाडी धुऊन-पुसून तुमच्यासमोर. आता दारावर पोचा दिसला तरी ‘दुसरी गाडी द्या’ म्हणायची सोय राहत नाही. कागदोपत्री ती तुमची झालेली असते. पुढचं सगळं ‘दुरुस्त करून देतो’ यावर येतं. पूर्वी नवी गाडी पेठ रोडच्या आरटीओत इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागे. तो रंगाची जाडी मोजत नसे, पण चेसिस नंबर तरी बघायचा. कंपनीतून पूर्ण तयार होऊन येणाऱ्या गाडीला आता ती फेरी नाही. त्यामुळे तुम्ही स्वतः बघितली नाही, तर डीलरबाहेरच्या कुणाचीच नजर तिच्यावर पडत नाही.

म्हणून बुकिंग फॉर्मवर हाताने लिहा: ‘चेसिस नंबर कळवून गाडी दाखवल्यानंतर व ती पसंत पडल्यानंतरच उर्वरित रक्कम, विमा व नोंदणी.’ खाली सेल्स मॅनेजरची सही आणि शिक्का घ्या. ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ हे उत्तर मिळालं तर टोकनची रक्कम अडकायच्या आत बाहेर पडलेलं बरं. मुहूर्ताचा हट्ट असेल तर ताबा मुहूर्ताला घ्या, पण तपासणी चार दिवस आधी, यार्डात, भर उजेडात आणि कोरड्या गाडीची करा. ओल्या गाडीवर किंवा तळघरातल्या ट्यूबलाइटखाली ओरखडे दिसत नाहीत.

पहिलं काम चेसिस नंबरचं. तो १७ अक्षरांचा असतो आणि बहुतेक कंपन्यांत दहावं अक्षर उत्पादनाचं वर्ष सांगतं: आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. महिन्याच्या अक्षराची जागा कंपनीगणिक बदलते, म्हणून महिना फॉर्म २१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या दाखल्यात बघा. तिथे उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावंच लागतं. गाडीवर कोरलेला नंबर, फॉर्म २१, फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा कंपनीचा दाखला), बिल आणि विमा, सगळीकडे एकच हवा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: ३२२५ म्हणजे २०२५ सालचा बत्तिसावा आठवडा. गाडीपेक्षा टायर दोन-तीन महिने जुने असणं स्वाभाविक आहे. गाडीपेक्षा टायर नवे निघाले, तर ते का बदलावे लागले हे विचारा.

मीटरवर मोटारसायकलीचे पाच-दहा आणि कारचे वीस-पन्नास किलोमीटर समजण्यासारखे आहेत. कारचे शंभराच्या वर गेले असतील तर टेस्ट ड्राइव्हची गाडी खपवत असण्याची शक्यता धरा. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ च्या मॉडेलचे पैसे भरले आणि हाती २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली गाडी आली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२१ मध्ये न्यायालयाने डीलरची जबाबदारी कायम ठेवली, पण कंपनीला मोकळं केलं. कंपनीला हा प्रकार ठाऊक होता असं दिसत नव्हतं आणि कंपनी आणि डीलर यांच्यातला व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला होता. थोडक्यात, ‘कंपनी बघून घेईल’ या भरवशावर राहू नका, डीलरविरुद्ध पुरावा जमवा.

ट्रेलरवरून उतरताना किंवा यार्डात ठोकर लागलेली गाडी डीलर स्वतःच्याच बॉडीशॉपमध्ये रंगवतो. डोळ्यांना ते कळत नाही, रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राला कळतं. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो. एका दारावर १२० आणि शेजारच्या दारावर २६० आले, तर दुसरं दार रंगवलेलं आहे. ५०० च्या पुढे गेलं तर खाली पुट्टी आहे. प्लास्टिकच्या बंपरवर हे यंत्र चालत नाही. यंत्र नसेल तर बॉनेट आणि फेंडरचे बोल्ट बघा. त्यांच्या कडांवरचा रंग पान्याने उडालेला असेल किंवा रबरी बीडिंगवर रंगाचे शिंतोडे असतील, तर काम झालेलं आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत क्वालिटी विभागात नोकरी करणारा एखादा शेजारी नाशकात कुणालाही सापडतो. सेल्समनच्या गोड बोलण्यापेक्षा त्याची नजर कामाची, त्याला सोबत न्या.

दुचाकीची तपासणी लोक पाच मिनिटांत गुंडाळतात, आणि जिवाशी खेळ तिथेच होतो. आरसे, बॅटरी, साडी गार्ड, लेग गार्ड, नंबर प्लेट हे बरंचसं डीलरकडे बसवलं जातं. मागच्या ॲक्सलच्या नटातली स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली दुमडलेली तार) आहे का, हे वाकून बघा. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक प्लेटला स्विंगआर्मशी (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याशी) धरून ठेवणाऱ्या पट्टीचीही पिन बघा. ती पट्टी सुटली तर ब्रेक दाबताक्षणी अख्खी प्लेट फिरते आणि चाक जाम होतं. चेनची ढील बहुतेक गाड्यांना २५ ते ३५ मिलिमीटर हवी. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या नसतील तर चाक तिरकं बसलंय. नव्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून लावलेलं तेल पुसलेलं असतंच असं नाही, त्यामुळे ब्रेक क्लीनरने समोर पुसून घ्या. आणि टायरला चमक देणारं पॉलिश जमिनीला टेकणाऱ्या भागावर कुणी फासलं असेल, तर ते धुतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. पहिल्याच वळणावर घसरते.

बॅटरीत तर सर्रास चालढकल होते. पहिल्यांदा वापरण्याआधी ती सावकाश चार्ज व्हायला हवी: ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साधारण अर्धा अँपिअर, काही तास. घाईत ती नुसती जोडून सेल्फ मारला जातो. सहा महिन्यांत बॅटरी बसते आणि वॉरंटीत ‘वापरातली चूक’ असा शेरा मिळतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर मल्टिमीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवा, १२.२ म्हणजे बॅटरी जेमतेम अर्धी. इंजिन चालू केल्यावर साधारण १४.

कारच्या बाबतीत यार्डातला मुक्काम बघा. वाहतुकीसाठी टायरमध्ये हवा ४० पीएसआयच्या वर भरलेली असते, ती उतरवलेली नसेल तर गाडी उड्या मारते. डिस्कवरचा पातळ तांबूस थर चार ब्रेक मारल्यावर जातो, पण खड्डे पडलेला गंज जात नाही. पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी असेल तर मॅट उचलून फ्लोअर चाचपा, सीटबेल्ट पूर्ण ओढून बुरशी बघा, एसीचा फिल्टर काढून उंदराच्या लेंड्या शोधा. उंदीर आला असेल तर वायरिंगही तपासावं लागतं. स्कॅनर जोडून साठलेले एरर कोड समोर वाचायला लावा. स्टेपनी, जॅक आणि दोन्ही किल्ल्या हातात घेऊन बघा.

ओरखडा दाखवला की ‘विम्यात क्लेम टाकून नवा बंपर लावून देतो’ असं हसत सांगितलं जातं. तुमच्या पॉलिसीवर क्लेम पडला की पुढच्या वर्षीचा २० टक्के नो क्लेम बोनस गेला. नुकसान त्यांच्या यार्डातलं, भुर्दंड तुम्हाला.

नोंदणीआधी दोष सापडला तर दुसऱ्या चेसिस नंबरची गाडी मागा. नोंदणी झालेली असेल तर ताबा पावतीवर ‘पुढील दोषांसह, हरकत नोंदवून ताबा घेतला’ असं लिहून सही करा, फोटो काढा आणि त्याच दिवशी डीलर व कंपनी दोघांना ईमेल करा. फोनवरच्या आश्वासनाला तक्रारीत किंमत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आधी नोंद करता येते. तिथे भागलं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. डीलर दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी तुम्ही राहता तिथे ती चालते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००. तक्रारीला बुकिंग फॉर्म, पीडीआयचा कागद, फॉर्म २१, बिल आणि तो पहिला ईमेल जोडा.