आयरिश पूर्वज शोधताना: आधी सरकारी जन्मनोंद, की चर्चची वही?

आयर्लंडच्या खेड्यातला पूर्वज १८६४ नंतर जन्मला असेल, तर मी आधी सरकारी जन्मनोंद उघडते. त्या वर्षापासून सगळ्यांचे जन्म-मृत्यू नोंदणं सक्तीचं झालं (बिगरकॅथलिक लग्नं तर १८४५ पासूनच). एका ओळीत किती ऐवज! टाउनलँड, म्हणजे साधारण आपल्या वाडीएवढा भाग, बापाचा धंदा, आईचं माहेरचं आडनाव. मर्फी, केली अशी आडनावं पावलोपावली भेटतात, तिथे माहेरचं नावच खरा धागा. नोंद सांगणारीला लिहिता येत नसेल तर नावाशेजारी फुली. शंभर वर्षांपलीकडची ही पानं आयरिश सरकारच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात.

तारखेवर मात्र विसंबू नका. उशिरा नोंदवलं की दंड, म्हणून लोक जन्मतारीख बिनदिक्कत पुढे ढकलत. आपल्याकडच्या १ जूनच्या वाढदिवसांची चुलत भावंडंच ही. मग बाप्तिस्मा आधी आणि जन्म नंतर, अशी गंमत निघते. तिथे मी चर्चच्या वहीवर विश्वास ठेवते. कॅथलिक घरांत बाप्तिस्मा सहसा काही दिवसांतच उरकत. शिवाय वहीत धर्ममाता-धर्मपिता असतात, आणि ते पुष्कळदा काका नाहीतर मावशी निघतात.

वहीचा त्रास म्हणजे लॅटिन (जेम्सचा याकोबुस होतो), गिचमिड अक्षर आणि कधी गाळलेलं गावाचं नाव. राष्ट्रीय ग्रंथालयाने साधारण १८८० पर्यंतच्या वह्या ऑनलाइन खुल्या केल्यात. कॅथलिक शेतकऱ्याच्या १८६४ आधीच्या जन्मासाठी तर बहुतेक वेळा तीच वही.