सर्दीची ‘शुद्ध आयुर्वेदिक’ पुडी, आणि आत डेक्सामेथासोन

पावसाळा सरत आला आणि गाजरगवत फुललं की पुण्यात माझ्या दादाचं नाक वाहायला लागतं. पहाटेपासून शिंकांवर शिंका, डोळ्यांना खाज, रात्री नाक चोंदलेलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला होता. तो रोज मारला की त्याला बरं असायचं. पण त्यात स्टिरॉइड असतं हे कुणीतरी सांगितलं आणि त्याने धसकाच घेतला.

पुडीवाल्यांचा धंदा या धसक्यावरच चालतो. दादा हायवेलगतच्या गावात रविवारी बसणाऱ्या अशाच एका माणसाकडे गेला. त्याने स्प्रे बंद करायला सांगितलंच नाही. “डॉक्टरांचं चालू ठेवा, जोडीला ही पुडी घ्या. स्प्रे आपोआप सुटेल.” या बोलण्यामुळे वहिनीचाही विश्वास बसला. टेबलावर गुळवेलीवरच्या अभ्यासाचं लॅमिनेट केलेलं कात्रण होतं. तो अभ्यास खरा आहे: ॲलर्जीच्या सर्दीचे 75 रुग्ण, 8 आठवडे, 2005 साली प्रसिद्ध. पण पुडीत काय आहे हे त्यावरून कसं कळणार? पुडीवर ना घटकांची यादी, ना उत्पादन परवान्याचा क्रमांक, ना बॅच नंबर. पावती मागितली तर म्हणे, “आम्ही सेवा करतो.”

नाक दुसऱ्याच दिवशी मोकळं झालं. वर्षानुवर्षांची ॲलर्जी साध्या झाडपाल्याने एका रात्रीत हटत नाही. शंका यावी ती इथेच. पुढे भूक वाढली, चेहरा गोल आणि भरलेला दिसू लागला. नातेवाईक म्हणायचे, तब्येत सुधारली. मग साखर वाढलेली निघाली, आधी कधीच नसलेली.

एकदा पुड्या संपल्या आणि तो माणूस गावात आलाच नाही. दादाला उलट्या, चक्कर, अंगात उभं राहण्याचं त्राण नाही, बीपी एकदम खाली. दवाखान्यात भरती केल्यावर तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, “कसली पुडी घेत होतात का?” सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, तपासलं तर अगदी तळाला. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपलं काम थांबवतात. मग ते अचानक तुटलं तर जिवावर बेतू शकतं. उरलेली पुडी खासगी प्रयोगशाळेत दिली. अहवालात डेक्सामेथासोन निघालं, म्हणजे स्टिरॉइडच.

माझा संताप होतो तो यासाठी की दादा ज्याला घाबरला तेच त्याला पोटातून, लपवून दिलं गेलं. फ्लुटिकासोन या स्टिरॉइडच्या नाकातल्या स्प्रेच्या एका फवाऱ्यात साधारण 50 मायक्रोग्रॅम औषध असतं आणि त्याचं काम मुख्यतः नाकातच होतं. डेक्सामेथासोनच्या नेहमीच्या छोट्या गोळीत 500 मायक्रोग्रॅम असतं आणि ते सगळ्या शरीरात फिरतं. पुडीत किती घालायचं हे तर त्या माणसाच्या हातावर.

आयुर्वेदाशी माझं भांडण नाही. शिकलेला, नोंदणी असलेला वैद्य औषधाचं नाव लिहून देतो, चिठ्ठीवर सही करतो.

तुमच्या घरी कुणी अशी पुडी घेत असेल तर ती एकदम बंद करू नका. पुडी घेऊन त्याच दिवशी एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे जा. स्टिरॉइडचा डोस ते हळूहळू उतरवतील. थोडी पुडी जपून ठेवा. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26 नुसार सामान्य माणूसही फी भरून औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे. दादाच्या स्टिरॉइडच्या गोळ्या अजून कमी कमी करत चालू आहेत, आणि नाकासाठी तोच जुना स्प्रे.