एपिफोन की आयबानेझ? पहिल्या गिटारचा प्रश्न

कोथरूडच्या हॉस्टेलवर राहणारा माझा भाचा आठवडाभर अडून बसलाय: इलेक्ट्रिक गिटार एपिफोन लेस पॉल स्पेशल टू घेऊ की आयबानेझ जीआरजी १२१ डीएक्स? दोन्हींत दोन हंबकर (तारांचा आवाज टिपणारे दुहेरी कॉइलचे पिकअप), बोल्टने जोडलेला नेक (गिटारची लांब मान), स्थिर ब्रिज (तारा अडकवायची खालची पट्टी). एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या दोन कॉइल्समुळे हंबकर ट्यूबलाइट, पंख्याची गुणगुण बरीच मारतो. जुन्या वायरिंगच्या खोलीत ही मोठीच सोय. म्हणजे खरा फरक हाताखाली आहे.

एपिफोनची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २४.७५ इंच, आयबानेझची २५.५. ऐकायला पाऊण इंच, पण त्याच जाडीच्या तारा एपिफोनवर सैल लागतात, बेंड करताना (तार बोटाने बाजूला ओढताना) बोटं कमी सोलतात. आयबानेझवर तार ताठ राहते, त्यामुळे खाली ट्यून करून मेटल वाजवताना लिबलिबत नाही. शिवाय २४ फ्रेट्स (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या), बॉडीला दोन्हीकडे खोल खाचा; वरच्या सुरांपर्यंत हात सहज पोचतो. एपिफोनला २२ फ्रेट्स, तिथे तळवा अडतो.

टिकाऊपणात मला फार फरक वाटत नाही. नेकच्या कडेवरून अंगठा मात्र जरूर फिरव. फ्रेटचं टोक टोचलं तर तो नग दुकानातच परत ठेव, मग नाव कुठलंही असो. आणि सगळे पैसे गिटारवर उधळू नकोस रे, छोटा अँप (आवाज मोठा करणारं यंत्र) आणि सेटअपसाठी (तारांची उंची वगैरे जुळवून घेण्यासाठी) थोडे राखून ठेव.

ब्लूज, जुना रॉक आणि लहान हात असतील तर एपिफोन. मेटल आणि वेगवान सोलोसाठी आयबानेझ. भाच्याच्या हेडफोनमध्ये दिवसभर मेटलच असतं. त्याने आयबानेझच घ्यावी.